लघवी स्वच्छ, तरी मूत्रपिंड आजारी

मूत्रपिंडाच्या विकारावर कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावे याचे पुष्कळांना नवल वाटेल. आम्ही वैद्य नव्हे. परंतु शहापूर-मुरबाडकडची माणसे वीटभट्ट्यांवर आणि खडी-क्रशरवर वर्षानुवर्षे धूळ खातात, आणि त्या धुळीचा एक धागा मूत्रपिंडापर्यंत जातो. म्हणून हा विषय आम्ही मागून घेतला.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे रखवालदार. काही माणसांच्या रक्तात या रखवालदारांविरुद्धच प्रतिद्रव्ये तयार होतात. त्यांनी चिथावलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती पोखरू लागतात. डॉक्टर या प्रतिद्रव्यांना 'अँका' म्हणतात. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या काही रुग्णांत ती प्रथम नोंदविली. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणी हा रक्तवाहिन्यांचाच गुंता. साहजिकच तडाखा तेथे बसतो. लघवीत रक्त व प्रथिने उतरतात, ती फेसाळते, कधी कोऱ्या चहासारखी दिसते. जोडीला नाकातून रक्त, खोकल्यातून रक्त, अंगावर तांबडे ठिपके, सांधेदुखी असली म्हणजे जाणत्या डॉक्टरला संशय येतो.

घात होतो तो रोग आडवाटेने आला म्हणजे. कित्येकदा नाक, छाती, कातडी सारे ठाक असते आणि एकटे मूत्रपिंडच खंगत जाते. क्वचित गाळण्या शाबूत राहून त्यांच्यापुढच्या नळ्या व भोवतालचा भाग सुजतो. तेव्हा लघवी जवळजवळ स्वच्छ दिसते, पण रक्तातले क्रिएटिनिन चढत असते. त्याहून क्वचित मूत्रपिंडात गाठच होते आणि ती कर्करोगाची वाटते. अशा वेळी मूत्रपिंडाचा सुईने काढलेला बारीक तुकडा तपासल्यावाचून निदान पक्के होत नाही, आणि त्यासाठी आमच्या माणसाला सहसा तालुका सोडून मोठ्या शहराची वाट धरावी लागते. एक दिवसाचा रोज बुडाला तर चूल अडते अशा घराला ही वाट किती लांब पडते, हे आम्ही निराळे सांगावयास नको.

आता धुळीकडे येऊ. सिलिकाची, म्हणजे गारेच्या जातीची, बारीक धूळ दीर्घकाळ श्वासावाटे घेणाऱ्यांत हा रोग अधिक आढळतो, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत दिसले आहे. जपानात १९९५ च्या कोबे भूकंपानंतर, कोसळलेल्या इमारतींची धूळ उडालेल्या त्या भागात, असे रुग्ण वाढल्याची नोंद तेथील डॉक्टरांनी केली. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण त्या मानाने सौम्य, त्यात मोकळी गार थोडी. हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण विटेची माती, रेती आणि प्रखर आचेत जळलेल्या तुसाची राख यांना तितके निर्दोष म्हणता येणार नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने फुफ्फुसाच्या सिलिकोसिसला धंद्याचा रोग मानले. मूत्रपिंडाच्या या दुखण्याचे नाव त्या यादीत नव्हते. ज्याचे नाव यादीत नाही, त्याची भरपाई मागताना आमची जीभ अडखळते.

औषधे सापडण्यापूर्वी हा रोग अंगभर पसरलेले बहुतेक रुग्ण वर्षभरात दगावत. आज स्टिरॉइडबरोबर सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब वेळेवर मिळाले तर पुष्कळांचे मूत्रपिंड वाचते. खरा प्रश्न त्या 'वेळेवर'चा आहे. लघवी आणि रक्तातील क्रिएटिनिन या दोन्ही तपासण्या स्वस्त आहेत, पण एकीवर विसंबून भागत नाही. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंतून येते. अर्धपोटी, काटकुळ्या कातकरी बाईच्या अंगावर मांसच कमी. म्हणून मूत्रपिंड बिघडूनही तिचा आकडा कागदावर 'ठीक' दिसू शकतो. तिची तुलना तिच्याच मागच्या आकड्याशी झाली पाहिजे. कुटुंबे दिवाळीनंतर भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. जाण्यापूर्वी एकदा व परतल्यावर एकदा, अशी तपासणी मालकाच्या खर्चाने व्हावी आणि दोन्ही आकड्यांचा कागद त्या बाईच्या हाती राहावा, एवढीच आमची मागणी आहे.