तरंगणारी दोरी आणि ओढ्यांतील ट्राउट

कांहीं वर्षांपूर्वीं मे महिन्याच्या सुटींत आम्ही थोड्या विद्यार्थ्यांसह हिमाचल प्रदेशांतील तीर्थन नदीच्या खोऱ्यांत गेलों होतों. ही नदी बर्फाळ डोंगरांतून उतरून लारजी येथें बियास नदीस मिळते, आणि तिला दोन्ही बाजूंनीं अनेक लहान ओढे येऊन मिळतात. अशाच एका ओढ्याच्या कांठीं एक गृहस्थ लांब काठीनें ट्राउट मासे धरीत होता. काठीस जाड, फिकट पिवळी दोरी होती, आणि तिच्या टोंकाच्या बारीक तंतूस पिसांची केलेली एक इवलीशी बनावट माशी बांधलेली होती. तें पाहून एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, मासा फार सावध असतो म्हणतात, मग एवढी जाड दोरी त्याला दिसत नाहीं काय?” आमच्याही पिशवींत तशीच एक नवी दोरी होती, परंतु नीट उत्तर मात्र आम्हांस देतां आलें नाहीं. पुढें त्याच प्रवासांत ठेंच लागून तें कळलें. तेंच आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम ह्या माशाविषयीं थोडेंसें सांगितलें पाहिजे. ट्राउट हा थंड आणि वाहत्या पाण्यांत राहणारा मासा. पाण्याचें उष्णमान सुमारें २० अंश सेंटिग्रेडच्या वर गेलें कीं तो कासावीस होतो. कारण पाणी जसजसें तापतें तसतसा त्यांत विरघळलेला प्राणवायु कमी होतो. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत तो सांपडत नाहीं तो ह्याच कारणानें. भारतांत तो मूळचा नव्हेच. काश्मीरांत १९०० सालीं आणि कुलू भागांत १९०९ च्या सुमारास युरोपांतील ब्राउन ट्राउट आणून सोडण्यांत आला, व निलगिरीच्या उंच पठारावर रेनबो ट्राउट रुजविण्यांत आला. लहान ओढ्यांत तो फारसा वाढत नाहीं. वीतभर लांबीचा मासा तेथें चांगलाच म्हणावयाचा. पाण्यावर पडणारे किंवा पाण्यांतून वर येणारे किडे हें त्याचें आवडतें भक्ष्य, आणि बनावट माशीनें त्यास भुलवावयाचें तें ह्याच आवडीच्या जोरावर.

आतां विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. कोंबडीचें एक पीस हातांत घेऊन तें दूर फेंकून पाहा. कितीही जोर लावा, तें दोन हातांपलीकडे जाणार नाहीं. बनावट माशीचें वजन पिसाएवढेंच. साध्या गळास शिशाचा गोळा बांधतात व तो गोळा दोरीस ओढून नेतो. येथें मात्र गोळा नाहीं. म्हणून जें वजन फेंकावयाचें तें दोरींतच सांठविलेलें असतें. दोरी जाड असते ती ह्यासाठीं. आपल्याकडील गाडीवानाचा आसूड आठवा. मुठीकडे तो जाड आणि टोंकाकडे बारीक होत जातो. हाताचा झटका जाड भागांतून बारीक भागांत सरकत टोंकापर्यंत पोंचतो. ह्या दोरीचेंही तसेंच आहे. तिचें टोंक निमुळतें असतें, त्यापुढें सात-आठ फूट लांबीचा नायलॉनचा पारदर्शक तंतु असतो, आणि त्यास माशी. मासा माशी पाहतो. जाड दोरी त्याच्यापासून दूर राहते. निदान दूर राहावी, हेंच मच्छीमाराचें कौशल्य.

दोरी तरंगणारी कां असावी, हेंही समजून घेतलें पाहिजे. लहान ओढ्याचें पाणी उथळ असतें, आणि तळाशीं दगडगोटे. बुडणारी दोरी त्यांत अडकते. शिवाय पृष्ठभागावरील माशी बुडत्या दोरीबरोबर खालीं ओढली जाते. तरंगणारी दोरी मात्र डोळ्यांस दिसते, आणि प्रवाहानें ती ओढूं लागतांच काठीच्या हलक्या झोंक्यानें उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगास ठेवतां येते. हें न केल्यास माशी पाण्यावर रेघ ओढीत धांवूं लागते. खरा किडा असा धांवत नाहीं, हें ट्राउटास पक्कें ठाऊक असतें.

पूर्वीं अशा दोऱ्या घोड्याच्या केसांच्या, व पुढें रेशमाच्या करीत. रेशीम पाण्याहून जड. त्यामुळें तें तरंगावें म्हणून त्यास चरबी चोळावी लागे, आणि दररोज सायंकाळीं दोरी उलगडून वाळवावी लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनच्या विणलेल्या गाभ्यावर प्लॅस्टिकचें आवरण चढविलेल्या दोऱ्या निघाल्या. हें आवरणही स्वभावतः पाण्याहून जडच. परंतु त्यांत कांचेचे अति सूक्ष्म पोकळ गोळे मिसळले कीं दोरी एकंदरींत पाण्याहून हलकी होते. लोखंडाचा खिळा बुडतो पण पत्र्याचा रिकामा डबा तरंगतो, हें जें शाळेंत शिकविलें जातें तेंच तत्त्व येथें केंसाएवढ्या जागेंत वापरलें आहे.

दोरीच्या डब्यावर एक आंकडा असतो. हा आंकडा जाडीचा नसून वजनाचा होय. दोरीच्या टोंकाकडील पहिल्या ३० फुटांचें वजन ग्रेनांत मोजून अमेरिकेंतील साहित्य बनविणाऱ्यांच्या संघानें १९६० च्या सुमारास हे नंबर ठरविले, आणि तेच आतां बहुतेक सर्वत्र चालतात. एक नंबर म्हणजे ६० ग्रेन, तीन म्हणजे १००, चार म्हणजे १२०, आणि पांच म्हणजे १४०. जुन्या हिशेबानें १८० ग्रेनांचा एक तोळा, व तोळ्याचे बारा मासे. म्हणजे चार नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट बरोबर आठ मासे भरतात. (हे तोलण्याचे मासे, पकडण्याचे नव्हेत!) काठीवरही असाच नंबर लिहिलेला असतो, व तितक्या वजनानें ती योग्य तेवढी वांकते असें समजतात.

येथेंच आमची चूक झाली. आम्ही एका मोठ्या शहरांतील दुकानांतून पुष्कळ पैसे देऊन चार नंबरची दोरी घेतली होती. ती फार दूर जाते, अशी दुकानदारानें तिची स्तुति केली होती, आणि ती खोटीही नव्हती; रुंद नदीसाठीं ती उत्तमच असेल. तिचें निमुळतें टोंक फार लांब होतें. पण ओढा होता जेमतेम पंधरा फूट रुंद! दोन दिवस आम्ही माशी फेंकीत राहिलों. काठी वांकेना म्हणून अधिक जोर लावला, तों दोरी पाण्यावर चाबकासारखी आपटे, आणि सर्व मासे दगडांखालीं नाहींसे होत. विद्यार्थी विनयानें गप्प राहिले, ह्याचें आम्हांस अधिकच वाईट वाटलें.

तिसऱ्या दिवशीं आमच्या वाटाड्यानें, एका वृद्ध गांवकऱ्यानें, आपली जुनी दोरी आमच्या काठीस लावून दिली. तिचा नंबर तोच. पण टोंकापासून थोड्याच अंतरावर ती पूर्ण जाड होत होती. मनगटाच्या लहानशा हालचालीनें माशी एका दगडामागच्या संथ पाण्यांत अलगद जाऊन बसली, आणि क्षणभरांत एक ठिपकेदार ट्राउट वर आला. “मास्टरजी, आधीं पाणी पाहावें, मग दोरी घ्यावी,” असा त्याच्या बोलण्याचा भावार्थ होता.

ह्याचा हिशेब विद्यार्थ्यांस सहज करतां येईल. चार नंबरच्या दोरीचें वजन ३० फुटांस १२० ग्रेन, म्हणजे सरासरी फुटास ४ ग्रेन. माशी काठीच्या टोंकापासून २० फुटांवर टाकावयाची असेल, तर त्यांतील साडेसात फूट नायलॉनच्या तंतूचे. दोरी उरली साडेबारा फूट. तिचें वजन झालें ५० ग्रेन. आणि टोंक निमुळतें असल्यामुळें प्रत्यक्षांत त्याहूनही कमी. म्हणजे डब्यावर चार लिहिलेलें असलें, तरी काठीस मिळतें तें एक नंबरच्या पूर्ण वजनापेक्षांही थोडें! काठी बिचारी वांकणार कशी? तात्पर्य, लहान ओढ्यासाठीं दोरी किती दूर जाते हें पाहूं नये; पहिल्या दहा-पंधरा फुटांत तिचें वजन किती आहे, हें पाहावें.

आकारावरून दोऱ्यांचे मुख्य दोन प्रकार आहेत. एक दुहेरी निमुळती: दोन्ही टोंकें बारीक व मधला सर्व भाग सारख्या जाडीचा. दुसरा प्रकार पुढें भारी: वजन पुढील भागांत, आणि मागें लांबच लांब बारीक दोरी. दूर फेंकण्यास दुसरा प्रकार सोयीचा, कारण बारीक दोरी काठीच्या कड्यांतून झरझर सरकते. परंतु ओढ्यावर ही बारीक दोरी रिळाबाहेर निघतच नाहीं. तेव्हां पुढच्या टोंकाची घडण सारखी असली, तर पहिल्या ३० फुटांत दोन्ही प्रकारांचें काम जवळ जवळ एकच होतें. मग आम्ही दुहेरी निमुळतीची शिफारस कां करितों? कारण काटकसर. एक टोंक झिजलें कीं दोरी उलटी करून दुसरें टोंक वापरावें. इतकेंच नव्हे, तर ९० फुटांची दोरी मधोमध कापून दोघां मित्रांनीं वांटून घेतली, तरी ओढ्यावर प्रत्येकाचें काम भागतें; मागें फक्त साधी बारीक दोरी जोडावी. पालकांनीं ह्या वाक्याकडे अवश्य लक्ष द्यावें.

नंबर तीन किंवा चार असावा, आणि काठी सात फुटांच्या आसपास व मऊ वांकणारी. ताठ काठी आधींच घेतली असेल, तर तिच्यावर लिहिलेल्यापेक्षां एक नंबर जड दोरी लावून पाहावी. मात्र हल्लीं कित्येक दोऱ्या मुळांतच छापील नंबरापेक्षां जड केलेल्या असतात. म्हणून ग्रेनांचा आंकडा वाचल्यावांचून ही युक्ति करूं नये, नाहीं तर दोरी धपकन् पडेल. टोंक फार आंखूड निमुळतें असलें तरीही तोच दोष येतो. वजन आणि अलगदपणा ह्यांची सांगड घालणें, हाच ह्या निवडीचा गाभा आहे.

आणखी एक गोष्ट. उष्ण प्रदेशांतील समुद्रावर वापरण्याच्या दोऱ्या मुद्दाम कडक केलेल्या असतात. त्या बर्फाच्या पाण्यांत वेटोळीं धरून बसतात. म्हणून दोरी थंड पाण्यासाठीं केलेली आहे, हें पाहून घ्यावें. रंगाविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. आमच्या मतें फिकट हिरवा बरा. परंतु रंगापेक्षां आपली सांवली आणि पायांचा आवाज माशास अधिक लवकर घाबरवितात.

घेतलेली दोरी जपावी. कोंबट पाण्यांत थोडा सौम्य साबण घालून ती पुसावी व उन्हांत ठेवूं नये. डासांस दूर ठेवणाऱ्या कित्येक मलमांत डीट नांवाचें द्रव्य असतें, तें ह्या आवरणाचा नाश करितें. हात धुतल्यावांचून दोरीस स्पर्श करूं नये. घरीं सराव करणें झाल्यास तो हिरवळीवर करावा, खडीवर नव्हे. शुभवर्तमानांतील कोळी आपलीं जाळीं धूत व नीट करीत बसलेले आपण वाचतों. ज्यांस पाण्यानें पोसावयाचें आहे, त्यांस साधनांची निगा चुकत नाहीं.

शेवटीं, परवान्यावांचून काठी बाहेर काढूं नये, व मासे अंडीं घालतात त्या हिवाळ्याच्या बंदीच्या काळांत त्यांच्या वाटेस जाऊं नये. लहान मासा सांपडल्यास हात ओले करून त्यास गळांतून अलगद सोडवावा व पाण्यांत परत द्यावा. आम्हीही त्या ठिपकेदार ट्राउटास तसेंच सोडून दिलें. तो प्रवाहाकडे तोंड करून क्षणभर थांबला, आणि दगडाखालीं गेला. ती महागडी दोरी अद्याप आमच्या कपाटांत आहे. नवी वस्तु विकत घ्यावीशी वाटली कीं आम्ही ती काढून पाहतों आणि स्वतःस विचारतों, “आपलें पाणी केवढें?”