पुठ्ठा कापायला कोणता कटर घ्यावा?



नाताळ जवळ आला की आमच्या वसतिगृहाच्या ओसरीवर खोक्यांची रांग लागते. पुणे, नाशिक, मुंबईच्या मंडळ्यांकडून ब्लँकेटं, स्वेटर, वह्या, साबण येतात. धडगावच्या डोंगरात डिसेंबरची थंडी झोंबते, त्यामुळे मुलांना दम निघत नाही. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलाने हाताशी असलेला विळा घेऊन खोका फाडला. टेप कापली गेली, पुठ्ठा कापला गेला आणि खालची दोन नवी ब्लँकेटंही कापली गेली. त्याच आठवड्यात आठवीतली एक मुलगी विज्ञान प्रदर्शनासाठी पुठ्ठा कापत होती. कटर सटकला आणि तिच्या डाव्या अंगठ्यात घुसला. तीन टाके पडले. तो कटर मीच बाजारातून आणला होता, सगळ्यांत स्वस्त म्हणून. तेव्हा या अंकात कामाच्या वृत्तांताऐवजी कटरविषयी लिहितो आहे.

खोक्याचा पुठ्ठा एकसंध नसतो. दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद चिकटवलेला असतो. त्याला थ्री प्लाय म्हणतात. जड मालाच्या खोक्याला आणखी एक नागमोडी आणि एक सपाट थर असतो, तो फाइव्ह प्लाय. कागदात, त्यातही रद्दीपासून पुन्हा बनवलेल्या कागदात, माती आणि खनिजांचे बारीक कण राहतात. ते पात्याला पॉलिश पेपरसारखे घासतात. म्हणून भाजीची चांगली सुरीसुद्धा पुठ्ठ्यावर चालवली की लवकर बोथट होते. स्वयंपाकघरातल्या मावशी सुरी द्यायला तयार नसतात, ते बरोबरच आहे. कात्रीने पुठ्ठा चेपतो आणि मधला नागमोडी थर बसून जातो.

पातं बोथट झालं की आपण नकळत जोर लावतो. जोराने ते पुठ्ठ्यात अडकतं, मग अचानक सुटतं, आणि सुटल्यावर कुठे जाईल हे आपल्या हातात राहत नाही. त्या मुलीचं नेमकं हेच झालं. उपदेशक १०:१० मध्ये बोथट लोखंड आणि वाढीव जोर यांचा उल्लेख आहे. मी त्यावर दोनदा संदेश दिला आहे, पण आमच्या कपाटातला कटर कधी तपासला नव्हता.

तेव्हा पुठ्ठ्यासाठी असं पातं हवं, ज्याची धार स्वस्तात आणि झटपट नवी करता येईल. बोथट टोक मोडून टाकायचं कटर याचसाठी निघालं. जपानमधल्या ओसाका शहरात छपाईच्या कामावर असलेल्या योशिओ ओकादा यांनी १९५६ साली ते तयार केलं. चांभार काचेचा तुकडा पुन्हा फोडून नवी धार काढतात आणि चॉकलेटच्या वड्या खाचेवर मोडतात, या दोन गोष्टींवरून त्यांना ही युक्ती सुचली. पुढे त्यांनीच ओल्फा कंपनी उभी केली.

दुकानात हे कटर मुख्यतः दोन रुंदीचं मिळतं. ९ मिलिमीटरचं पातं पातळ असतं. चार्टपेपरला छान, पण जाड पुठ्ठ्यात वाकतं. आपल्याला १८ मिलिमीटरचं हवं. मूठ नुसत्या प्लास्टिकची नको. पातं ज्या खाचेतून सरकतं ती टोकापर्यंत धातूची असावी. पातं दोन खाचा बाहेर काढून डावी-उजवीकडे हलवून बघा, खुळखुळलं तर ठेवून द्या. मग लॉक लावून टोक लाकडी फळीवर टेकवून हलकेच दाबा. पातं मागे सरकलं तर तो कटर फुकट मिळाला तरी घेऊ नका. आमचा तसाच होता.

न मोडणाऱ्या, जाड पात्याचा युटिलिटी चाकूही मिळतो. फाइव्ह प्लायला तो अधिक भक्कम, पण त्याची पाती आमच्या तालुक्यात शोधावी लागतात. स्टेनलेसची पाती गंजत नाहीत. साध्या कार्बन पोलादाची धार मात्र जास्त टिकते. सातपुड्याच्या पावसात ती तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवावी लागतात, एवढंच.

कोणी विचारतात, मुलांच्या हातात चाकू द्यायचाच कशाला? आमची मुलं लहानपणापासून गवत कापतात, बांबू तासतात. विळा-कोयता माझ्यापेक्षा त्यांना सफाईने येतो. अडचण त्या सवयीचीच आहे. विळा स्वतःकडे ओढायचा असतो, सगळ्या दंडाचा जोर लावून. कटर तसा ओढला की मांडीवर येतो. म्हणून आम्ही आता वेगळं शिकवतो: पुठ्ठा जमिनीवर, खाली जुना पुठ्ठा, वर लोखंडी पट्टी, आणि पट्टी धरणारा हात पात्याच्या वाटेत कधीही नाही. एका झटक्यात कापायचं नाही. पहिल्या हलक्या रेघेत वरचा कागद, दुसरीत नागमोडी थर, तिसरीत खालचा कागद. खोका उघडताना तर पातं अर्धी खाचच बाहेर काढायचं. टेपपुरतं तेवढं पुरतं आणि ब्लँकेटं वाचतात.

बोथट तुकडा पकडीने, तोंडापासून दूर धरून मोडावा. हे काम मोठ्यांचंच. मोडलेले तुकडे आम्ही झाकणाच्या डब्यात साठवतो. उकिरड्यावर टाकले तर अनवाणी पाय आहेत, शेळ्या आहेत. आणि कापलंच तर जखम स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरायची. राख, तंबाखू, हळद काही भरायचं नाही. जखम खोल असेल तर टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन यांसाठी दवाखाना गाठायचा.

यंदा खोकी भरताना आपणही दोन गोष्टी कराव्यात, ही विनंती. कपड्यांच्या वर एक सुटा पुठ्ठा ठेवून मग खोका बंद करा. टेपचं शेवटचं टोक बोटभर दुमडून ठेवा, म्हणजे ती हातानेच ओढून निघेल. शक्य असेल त्यांनी १८ मिलिमीटरच्या सुट्या पात्यांची एक डबी पाठवावी, पण ती खोक्यात सुटी टाकू नका. कागदात गुंडाळून वर नाव लिहा.

या वर्षीच्या नाटिकेतली गव्हाण फाइव्ह प्लायच्या खोक्याची करायची ठरली आहे. कापायचं काम त्या मुलीने स्वतः मागून घेतलं आहे.