मशीन बंद पडलं तर पडू द्या?

‘कर्नेलमध्ये जितकी सुरक्षा घालाल तितकी चांगली, त्यापायी मशीन बंद पडलं तर पडू द्या.’ नांदेड-लातूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांपासून पुण्याच्या आयटी कंपन्यांपर्यंत हे इतक्या ठामपणे ऐकवलं जातं, की आता त्याची झाडाझडती घ्यायलाच हवी. कर्नेल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. ॲप कोसळलं तर तेवढंच बंद पडतं. कर्नेल कोसळला की अख्खं मशीन जातं. सुरक्षेसाठी लिहिलेला कोडही शेवटी कोडच असतो, तोही चुकतो. 19 जुलै 2024 रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी 9:39 वाजता क्राउडस्ट्राइक या सायबर-सुरक्षा कंपनीने विंडोजच्या कर्नेलमध्ये चालणाऱ्या आपल्या सुरक्षा-सॉफ्टवेअरला एक अपडेट पाठवलं. कंपनीच्याच अहवालानुसार, नवा नियम एकविसावी नोंद तपासायला गेला आणि हाताशी होत्या वीसच. कोडने हद्दीबाहेरची मेमरी वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे 85 लाख मशीन कोलमडली. अपडेट 78 मिनिटांत मागे घेतलं, तरी असंख्य मशीनसमोर माणूस बसवून त्या अपडेटची फाइल हाताने काढावी लागली. मुंबई विमानतळावर काही कंपन्यांचं चेक-इन हाताने करण्याची वेळ आली. यात हल्लेखोर कोणीच नव्हता!

यावर ठरलेलं उत्तर येतं: माहिती चोरीला जाण्यापेक्षा मशीन बंद पडलेलं बरं. बँकेच्या सर्व्हरपुरतं ते पटण्यासारखं आहे. पण नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवरचं मशीन नुसत्या संशयावरून बंद पडावं का? हा निर्णय मशीन चालवणाऱ्याचा आहे, कर्नेल लिहिणाऱ्याचा नाही. म्हणूनच लिनक्समध्ये ‘पॅनिक ऑन वॉर्न’ ही, इशारा येताच मशीन थांबवणारी, वेगळी सेटिंग आहे. ज्याला मशीन थांबवायचं त्याने ती चालू करावी. नव्या तपासणीने आधी फक्त इशारा द्यावा, असा आग्रह लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी 2017 मध्ये धरला, तोही याच कारणाने: पहिल्या दिवशी तिच्या जाळ्यात चोरापेक्षा जुना, विचित्र पण निरुपद्रवी कोडच जास्त सापडतो. मशीन चालू ठेवूनही सुरक्षेतलं भोक बुजवता येतं. मेमरीचा एखादा तुकडा किती जण वापरताहेत याची मोजणी कर्नेल ठेवतो. हल्लेखोर ती इतकी फुगवतो की आकडा उलटून शून्यावर येतो. मग वापरात असलेला तुकडा ‘रिकामा’ ठरून त्याच्या हाती लागतो. 2017 मध्ये आलेल्या ‘रेफकाउंट’ प्रकारात आकडा उलटत नाही, वरच अडकून राहतो आणि इशारा नोंदला जातो. थोडी मेमरी वाया जाते, काम मात्र चालू राहतं.

चालू काम मोडणाऱ्या दुरुस्तीचं काय होतं, ते ‘डर्टी काऊ’ने दाखवलं. 2016 मध्ये उघड झालेल्या या दोषामुळे साधा वापरकर्ता मशीनचा मालक बनू शकत होता. अँड्रॉइड फोनही यातून सुटले नाहीत. टोरवाल्ड्स यांनी 2016 च्या दुरुस्तीसोबतच नोंदवलं आहे, की 11 वर्षांपूर्वी त्यांनी तो बुजवायचा प्रयत्न केला होता, पण आयबीएमच्या एस 390 यंत्रांवर अडचण आल्याने ती दुरुस्ती मागे घ्यावी लागली. बरोबर चालणारं काम मोडणारी सुरक्षा टिकत नाही. ती काढून टाकली जाते आणि भोक तसंच राहतं.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. ‘लिनक्सला धोका नाही’: डर्टी काऊ लिनक्समध्येच होता. ‘कोड सगळ्यांसमोर उघडा, म्हणजे कोणीही बदलेल’: वाचता सगळ्यांना येतो, पण मूळ कर्नेलमध्ये बदल घेणं देखभाल करणाऱ्यांच्या हाती असतं. ‘अपडेट मशीन मुद्दाम मंद करतात’: 2018 मध्ये ‘मेल्टडाउन’ या दोषावरच्या उपायाने काही कामं खरंच मंदावली, कारण दोष प्रोसेसरमध्ये होता आणि कर्नेलला आपली मेमरी प्रोग्रामपासून वेगळी ठेवण्याचं जादा काम करावं लागलं.