मामा वाचला नाही, मग पॉइंट्स कुणाला?

आज दोन जुनी पत्रं आणि त्यांच्यात अडकलेला माझा एक गेम.

इ. स. ७९. इटलीत व्हेसुव्हियस फुटला आणि पॉम्पेई राखेखाली गेलं, एवढं आपण ऐकलेलं असतं. पण तेव्हा उपसागराच्या दुसऱ्या टोकाला, मिसेनममध्ये, १७ वर्षांचा एक मुलगा होता. धाकटा प्लिनी. साधारण २५ वर्षांनी त्यानं टॅसिटस या इतिहासकाराला त्या दिवसांबद्दल दोन पत्रं लिहिली, आणि ती टिकली. त्यांवरून मी शाळेतल्या मुलांसाठी ट्वाइनमध्ये गेम बनवतेय. ट्वाइन फुकट आहे. मजकूर लिहायचा, खाली पर्याय द्यायचे, दाबला की पुढचा प्रसंग.

तर, आकाशात झाडासारखा ढग दिसतो. उंच खोड, वर पसरलेल्या फांद्या. प्लिनीचा मामा तिथल्या आरमाराचा प्रमुख. (हो, मामाच. इंग्रजीत नुसतं अंकल वाचून मी आधी काका लिहिलं होतं.) मामा विचारतो, जवळून बघायला येतोस? भाचा म्हणतो, नको, अभ्यास करतो. तेवढ्यात रेक्टिना नावाच्या बाईचा निरोप येतो, वाचवा! मामा मोठी जहाजं काढतो. तो परत येत नाही. भाचा जगतो.

पहिल्या व्हर्जनमध्ये मी जगलात तर १०० पॉइंट्स ठेवले होते. माझ्या धाकट्या भावानं खेळून विचारलं, "म्हणजे कुणाला वाचवायला जायचंच नाही, ना?"

स्कोअर त्याच रात्री काढला. मग पत्रं परत वाचली, तर प्लिनीनं स्वतःलाही मार्क दिलेले नाहीत. भूकंपाचे धक्के बसत असताना तो लिव्हीचा इतिहास वाचत बसला होता, आणि याला धीर म्हणावं की अडाणीपणा, हे आपल्याला कळत नाही असं लिहितो.

अजून एक. ढग नेमका कुठल्या डोंगरावरून उठतोय हे लांबून कळत नव्हतं, असंही तो सांगतो. म्हणून सुरुवातीच्या स्क्रीनवरून 'व्हेसुव्हियस' हे नाव उडवलं. खेळणाऱ्याला तेवढंच दिसायला हवं, जेवढं तेव्हा त्यांना दिसत होतं. स्टाबियाला मामापुढे दोन पर्याय होते, हलणारं घर किंवा दगड पडणारं उघडं आकाश. लोक डोक्याला उशा बांधून बाहेर पडले. तिथे मी हिरवी टिक कुठेच देत नाही. शिवाय मामाचा शेवट प्लिनीनं पाहिलेला नाही, ऐकलाय. म्हणून पाहिलेलं पांढऱ्या स्क्रीनवर, ऐकलेलं करड्या.

शेवटचा प्रसंग पांढरा. रस्त्यावर राख पडतेय. आई म्हणते, माझं वय झालं, तू पळ. प्लिनीनं तिचा हात धरून तिला चालवलं. मी दोन्ही बटणं ठेवली आहेत. भाऊ तिथे बराच वेळ थांबला, मग फोन उलटा ठेवून म्हणाला, "हे दुसरं बटण काढ ना."

अजून काढलेलं नाही.