दांड्यावरचे प्रिझम

दुबईच्या खाडीच्या उत्तर काठावर देरा आहे. नाइफच्या गल्ल्या, गोल्ड सूक, अल रासचा मसाल्याचा बाजार आणि पायाखाली मेट्रो. २००९ची रेड लाइन युनियन स्टेशनहून आणि २०११ची ग्रीन लाइन अल रासहून खाडीखालून बर दुबईला जाते. २०२२ साली खाडीवर बारा मार्गिकांचा इन्फिनिटी पूल खुला झाला. अशा दाटीत जलवाहिनी टाकायची असो की पाया खणायचा, जमिनीखाली आधीच काहीतरी असते आणि शेजारची इमारत खेटून उभी असते. म्हणून इथल्या बांधकामाच्या मोजणीत मिलिमीटरचा हिशेब द्यावा लागतो.

हे काम कोन आणि अंतर मोजणाऱ्या रोबोटिक टोटल स्टेशनवर होते. भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीत आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी जे ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) मशिन पाहिले आहे, त्याचाच हा पुढचा टप्पा. जुन्या पद्धतीत एक जण दुर्बिणीला डोळा लावून उभा राही आणि हेल्पर प्रिझमचा दांडा धरी. १९९० मध्ये स्वीडनच्या जिओडिमीटर ४००० या यंत्राने ही जोडी मोडली. यंत्र मोटरवर स्वतः वळून प्रिझमचा माग काढू लागले आणि सर्व्हेअर कंट्रोलर घेऊन थेट दांड्यापाशी आला. माणूस वाचला, पण एक जबाबदारी सरकली. प्रिझमचे केंद्र कुठे आहे हे आता माणसाचा डोळा ठरवत नाही. परत आलेल्या प्रकाशावरून यंत्र ठरवते. त्यामुळे तो प्रकाश परत पाठवणारी काच कोणती, याला पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आले आहे.

या काचेला प्रकाश परतवणारी तीन पृष्ठे असतात, एकमेकांशी काटकोनात. आलेला किरण तिन्हींवर आपटून ज्या दिशेने आला त्याच दिशेला समांतर परततो; प्रिझम थोडे तिरके धरले तरी चालते. अपोलो ११च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावर असेच शंभर प्रिझम ठेवले. चांद्रयान-३च्या विक्रम लँडरवरही नासाचे आठ छोटे प्रिझम आहेत आणि डिसेंबर २०२३ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने सोडलेला लेझर त्यांच्यावरून परत आला.

मोजणीत मुख्य निवड दोन प्रकारांत असते. गोल प्रिझमला एकच तोंड असते आणि ते यंत्राकडे वळवून ठेवावे लागते. ३६० अंशांच्या प्रिझममध्ये छोटी प्रिझमे, बहुधा सहा, गोलाकार बसवलेली असतात. सर्व्हेअर कसाही फिरला तरी यंत्राला ते दिसत राहते. एकट्याने काम करणाऱ्याला ही मोठी सोय आहे, पण तिची किंमत अचूकतेत मोजावी लागते. लायका या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्याच आकड्यांनुसार जीपीआर१ या गोल प्रिझमचे केंद्र १ मिमीपर्यंत भरवशाचे, जीआरझेड१२२ या ३६० अंशी प्रिझमचे २ मिमी आणि जुन्या जीआरझेड४चे ५ मिमी. यंत्र एका सेकंदाचा कोन मोजणारे घेतले आणि दांड्यावर ५ मिमीचे प्रिझम चढवले, तर महागड्या यंत्राचा उपयोग तिथेच संपतो.

दुसरी बाब प्रिझमच्या स्थिरांकाची. काचेत प्रकाश हवेपेक्षा हळू चालतो, शिवाय काचेतला त्याचा प्रवास दांड्याच्या अक्षाशी जुळत नाही. ही तफावत दुरुस्त करणारा आकडा यंत्राला द्यावा लागतो. लायका आपल्या गोल प्रिझमला शून्य मानते, पण इतर कंपन्यांच्या हिशेबात तेच प्रिझम उणे ३४.४ मिमी असते. लायकाच्या पद्धतीत अधिक २३.१ असलेले ३६० अंशी प्रिझम इतरांच्या यंत्रावर उणे ११.३ होते. एका साइटवर तीन ठेकेदारांची तीन बनावटीची यंत्रे असली की प्रिझमे हातोहात फिरतात आणि आकडा मात्र जुनाच राहतो. मग प्रत्येक अंतर सारखेच चुकते, आणि सारखी चूक सहजी नजरेत भरत नाही.

देराच्या स्वतःच्या अडचणी आहेत. काचेच्या दर्शनी भिंती, गाड्यांचे रिफ्लेक्टर, मजुरांच्या जॅकेटवरच्या चमकत्या पट्ट्या यांनी यंत्र फसू शकते आणि प्रिझम सोडून भलत्याच चकाकीला धरते. दोन पथके शेजारी असली तर एकाचे यंत्र दुसऱ्याच्या प्रिझममागे जाते. अशा जागी स्वतःचा ओळख क्रमांक प्रकाशाने कळवणारे अॅक्टिव्ह प्रिझम घेणे शहाणपणाचे, मग त्याची बॅटरी सांभाळावी लागली तरी बेहत्तर. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला बंदी आहे, म्हणून उन्हाळ्यात मोजणी सकाळ-संध्याकाळकडे सरकते. तेव्हा हवा दमट असते. एसी गाडीतून काढलेल्या प्रिझमवर लगेच वाफ धरते आणि परतणारा प्रकाश क्षीण होतो. काच बाहेरच्या हवेत रुळू द्यावी, मगच पहिला पॉइंट घ्यावा.

उंचीही विसरू नये. दोन मीटर उंच दांडा एक अंश कलला तर बिंदू ३५ मिमी सरकतो. जमिनीपासून दहा सेंटिमीटरवर मिनी प्रिझम धरले तर तोच कल दोन मिमीसुद्धा होत नाही. म्हणून स्तंभाचा अक्ष, अँकर बोल्ट आणि कंट्रोल पॉइंट यांना गोल किंवा मिनी प्रिझम; रस्त्याची पातळी, मातीकाम आणि सर्वसाधारण नकाशासाठी ३६० अंशी. एकच प्रिझम सगळीकडे वापरणे ही काटकसर अखेर महागात पडते.

आयटीआयमधून सर्व्हेअर होऊन आखातात निघालेल्या मुलांना एवढेच सांगणे. हातात आलेल्या प्रिझमवर विश्वास ठेवण्याआधी सपाट जागी एका रेषेत अ, ब, क हे तीन बिंदू घ्या. अ-ब आणि ब-क या अंतरांची बेरीज अ-कशी जुळली तर स्थिरांक बरोबर आहे. जुळली नाही, तर आधी तो दुरुस्त करा आणि मगच कामाला लागा.