वास मारायचा नाही, वाळवायचा!

घरात कुत्रं असेल तर एक गोष्ट आधीच मान्य करून टाका. तुमच्या घराला वास येतो. तुम्हाला तो जाणवत नाही, कारण एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणं बंद करतं. पाहुण्यांना मात्र दारातच येतो, घरमालकाला तर जिन्यातच. भाड्याच्या फ्लॅटमध्ये ‘कुत्रं ठेवायचं की घर?’ हा वाद बऱ्याचदा इथूनच सुरू होतो.

पिल्लाचं लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर नेऊ नका, असं डॉक्टर सांगतात. मग घरात पी पॅड येतात. विकतच्या पॅडमध्ये वर पातळ कापड, मध्ये लाकडाचा लगदा आणि सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची पूड, खाली प्लॅस्टिक असतं. ही पूड शू पिऊन जेली होते, बाळाच्या डायपरमध्ये असते तीच. काम चोख करते, प्रश्नच नाही. पण दिवसाला तीन पॅड धरले तरी महिन्याला नव्वद होतात, आणि ते नव्वदच्या नव्वद कचऱ्यात. (पैसे वाचवायला हे पॅड वॉशिंग मशिनमध्ये टाकायचा विचारही करू नका. पॅड फुटतो आणि सगळ्या कपड्यांना जेली लागते.)

पिल्लाचं हे दोन-तीन महिन्यांचं प्रकरण. म्हाताऱ्या कुत्र्याचं तसं नसतं. माझ्या एका मैत्रिणीकडे तेरा वर्षांची लॅब्रॅडॉर आहे. मागचे पाय गेलेत, त्यामुळे बसल्या जागीच होतं. ‘आता कुठेतरी देऊन टाकू या’ हे वाक्य त्या घरात जेवताना बोललं गेलंय. बोलणारी तिची आईच, जी त्या कुत्रीला स्वतःच्या हाताने भरवते. तिचा राग कुत्रीवर नव्हता. सकाळी उठल्याउठल्या डोळ्यांत जाणाऱ्या त्या उग्र वासावर होता.

त्यांनी धुऊन वापरायचे पॅड आणले. पहिला महिना मस्त गेला. जुलै उजाडला आणि मशिनमधून नुकता काढलेला पॅडसुद्धा वास मारायला लागला.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळं डिझाइन इथे अडतं. ताज्या शूला फारसा वास नसतो. तिच्यात युरिया असतो, शेतात टाकतात तोच. युरियालाही स्वतःचा वास नाही. कापडावर, फरशीवर, केसांत असलेल्या काही जिवाणूंकडे युरिएज नावाचं एन्झाइम असतं. ते युरिया फोडतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. म्हणजे हा वास शूबरोबर येत नाही, तो पॅडमध्ये तयार होतो. तयार व्हायला त्याला तीन गोष्टी लागतात: ओल, ऊब आणि वेळ. ऊब आपल्याकडे फुकट आहे. उरल्या ओल आणि वेळ.

आता दुकानातल्या पॅडवरचे दावे याच चष्म्यातून बघा. ‘चारकोल लेयर’ म्हणे. सक्रिय कोळसा बरेच वास धरून ठेवतो, पण अमोनियाचा रेणू अगदी छोटा असतो. कोळशावर आम्लाची प्रक्रिया केलेली नसेल तर अमोनिया त्यावर फारसा टिकत नाही. शिवाय कोळशाची छिद्रं भरली की ती साबणाच्या पाण्याने मोकळी होत नाहीत. वापरून फेकायच्या पॅडमध्ये ठीक आहे, शंभर वेळा धुवायच्या पॅडमध्ये तो काळा रंग बराचसा शोभेपुरताच उरतो. चांदीच्या नॅनोकणांचंही तसंच. २००८ मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी असे कण लावलेले मोजे पाण्यात धुऊन पाहिले, तर काही मोज्यांमधली जवळपास सगळी चांदी मोजक्या धुण्यांतच निघून गेली. खायच्या सोड्याबद्दल तर बोलायलाच नको. सोडा अल्कधर्मी, अमोनियाही अल्कधर्मी, दोघं एकमेकांना काय करणार? तिथे आम्ल लागतं. म्हणून व्हिनेगर चालतं: अमोनियाचं क्षारात रूपांतर होतं, आणि तो क्षार हवेत उडत नाही.

तर खरा सामना वाळण्याशी आहे. आणि तिथेच बाजारातले बरेच धुण्याजोगे पॅड मार खातात. वरचं पॉलिएस्टर, मधला जाड थर आणि खालचं पाणी न झिरपणारं कापड, हे सगळं गोधडीसारखं एकत्र शिवलेलं असतं. वरून हात लावला तर कोरडं लागतं, आत ओल तशीच. खालच्या थरातून हवा जात नाही, म्हणजे पॅड वाळतो तो एकाच बाजूने. कोकणात, मुंबईत, पावसाळ्यातल्या बंद बाल्कनीत त्याला दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात आतला कुबट वास पक्का होतो. वर खालच्या थरातून शिलाई गेली असेल तर सुईच्या प्रत्येक भोकातून गळती, ती वेगळीच.

यावरचा उपाय तुमच्या आजीला माहीत आहे. बाळाखाली काय असायचं, विचारा तिला. खाली मेणकापड, वर दुपटं. दोन्ही सुटं. दुपटं ओलं झालं की तेवढंच उचलायचं, पिळायचं, दोरीवर टाकायचं. मेणकापड पुसून घ्यायचं. कुणी ते एकमेकांना शिवायच्या भानगडीत पडलं नाही, कारण पावसाळा सगळ्यांनाच ठाऊक होता.

तुम्ही डिझाइन किंवा टेक्स्टाइल शिकत असाल आणि प्रोजेक्टला विषय शोधत असाल, तर हा घ्या. उशीच्या अभ्र्यासारखा, दोन्ही टोकांना उघडा असलेला पॅड. वर पातळ जाळीदार पॉलिएस्टर, जे पाणी खाली सोडतं आणि स्वतः पटकन सुकतं. खाली पॉलियुरेथेनचा थर दिलेलं कापड, शिलाई फक्त कडेला. आत सरकवायला टर्किश टॉवेलच्या कापडाचा मोठा तुकडा, चार घड्या घालून. वापरताना चार पदर, दोरीवर एकच. सगळी गंमत त्या घडीत आहे.

किती शू धरायची, याचंही गणित करा. निरोगी कुत्र्याला दिवसाला प्रत्येक किलो वजनामागे साधारण २० ते ४० मिलिलिटर शू होते. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला २०० ते ४०० मिलिलिटर. किडनीचा त्रास असेल तर जास्त. नुसतं पाणी ओतून बघू नका, वर वजन ठेवा. पडून असलेल्या कुत्र्याच्या अंगाखाली ओल परत वर आली तर कातडी सोलवटते, जखमा होतात. वेलक्रो लावू नका, त्यात केस अडकून तो आठवड्यात निकामी होतो. बटणंही नकोत, पिल्लू गिळेल.

पॉलिएस्टरची एक कटकट आहे, ती लपवत नाही. २०१४ मध्ये बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात २६ जणांचे व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले होते, त्यात सुतीपेक्षा पॉलिएस्टरला जास्त घाण वास निघाला. तो घामाचा होता, शूचा नाही, पण कुत्र्याच्या अंगाचा तेलकटपणाही कापडाला लागतोच. म्हणून मी वरचा थर जमेल तेवढा पातळ ठेवायच्या बाजूची आहे. (मांजरवाल्यांनो, तुमचं प्रकरण आणखी अवघड. मांजराच्या शूमध्ये फेलिनिन असतं, त्यातून गंधकाचे वास सुटतात. नसबंदी न केलेल्या बोक्यात ते जास्त. तिथे नुसतं व्हिनेगर पुरत नाही.)

धुताना आधी लगेच गार पाण्यात खळबळून घ्या, युरिया पाण्यात सहज जातो. मग थोडं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजत ठेवा आणि नेहमीसारखं धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर नको, कापडाची शोषण्याची ताकद जाते. आणि ब्लीच तर अजिबातच नको. अमोनियाबरोबर त्यातून क्लोरामाइनचा विषारी वायू निघतो, व्हिनेगरबरोबर क्लोरीन. छोट्या बाथरूममध्ये हा खेळ जिवावर बेततो.

राहिली चाचणी. लॅब नसेल तर हळद आहे. जाड कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवा, पट्ट्या कापा. वापरलेल्या पॅडचा तुकडा बरणीत ठेवा, झाकणाला आतून पट्टी किंचित ओली करून चिकटवा. अमोनिया सुटायला लागला की पिवळी पट्टी लालसर होते. दोन-तीन प्रकारचे पॅड, सारख्या बरण्या, आणि कुठली पट्टी किती तासांनी बदलते याची नोंद, एवढं केलंत तरी प्रोजेक्टचा अर्धा रिपोर्ट झाला. फक्त ही चाचणी मे महिन्यात करू नका. मेमध्ये सगळेच पॅड पास होतात.