एका युद्धपटाचा दुभंगलेला प्रेक्षक

एखादा चित्रपट लोकांना आवडला नाहीं, म्हणजे त्याविषयीं सहसा कोणी फार काळ बोलत नाहीं. प्रेक्षक पाठ फिरवितात, पैसे घालणारा कपाळाला हात लावतो, आणि वर्ष दोन वर्षांत त्या चित्रपटाचें नांवहि विस्मृतींत जातें. परंतु कधीं कधीं असें घडतें कीं, चित्रपट पडतो, पण त्याच्यावरचा वाद मात्र मिटत नाहीं. अशा वेळीं तो वाद केवळ कथानकाच्या किंवा अभिनयाच्या गुणदोषांवर चाललेला नसतो; त्याच्या बुडाशीं समाजाच्या जिव्हाळ्याचा एखादा प्रश्न असतो. निकिता मिखाल्कोव्ह या दिग्दर्शकाच्या युद्धपटावरून २०१० व २०११ या दोन वर्षांत रशियामध्यें जें वादळ उठलें, तें या जातीचें होतें.

त्याचा उगम समजण्यासाठीं १९९४ सालाकडे वळावें लागतें. त्या वर्षीं मिखाल्कोव्ह यांचा एक चित्रपट प्रसिद्ध झाला. ‘सूर्यानें शिणलेलीं माणसें’ असा त्याच्या रशियन नांवाचा अर्थ सांगतां येईल. पश्चिमेकडे तो ‘बर्न्ट बाय द सन’ या नांवानें गाजला. कथेचा काळ १९३६ चा उन्हाळा. राज्यक्रांतीच्या युद्धांत नांव मिळविलेला सेनानी सर्गेइ कोतोव्ह आपली तरुण पत्नी मारुस्या आणि चिमुकली मुलगी नाद्या यांच्यासह शहराबाहेरच्या बंगल्यांत सुटीचे दिवस घालवीत असतो. त्या घरीं मारुस्याचा पूर्वींचा प्रियकर मित्या पाहुणा म्हणून येतो. हास्यविनोद होतात, पियानो वाजतो, नदीवर पोहणें होतें. आणि दिवस कलतां कलतां कळून येतें कीं, हा पाहुणा स्टालिनच्या गुप्त पोलिसांपैकीं असून तो कोतोव्हला धरून नेण्यासाठींच आलेला आहे. कोतोव्हची भूमिका स्वतः मिखाल्कोव्ह यांनीं केली आणि नाद्याची त्यांच्याच लहानग्या मुलीनें. बापलेकींचें तें खरें प्रेम पडद्यावर इतकें सहज उतरलें होतें कीं, पुढें येणारा घात प्रेक्षकांच्या काळजाला जाऊन भिडला. कान येथील महोत्सवांत या चित्रपटास दुसऱ्या क्रमांकाचें मोठें पारितोषिक मिळालें आणि १९९५ सालीं परभाषीय चित्रपटांसाठीं असलेलें ऑस्करहि लाभलें.

या चित्रपटाचा शेवट महत्त्वाचा आहे. मित्या आपल्या मनगटाच्या शिरा कापून घेतो. आणि नंतर पडद्यावर कांहीं ओळी उमटतात. कोतोव्हला गोळी घालण्यांत आली, मारुस्या छावणींत मरण पावली, आणि १९५६ सालीं त्या कुटुंबावरील कलंक सरकारनें धुवून काढला, असें त्या ओळी सांगतात. रशियांतील असंख्य घरांना अशाच कोरड्या शब्दांत आपल्या माणसांची वार्ता कळली होती. म्हणून त्या ओळी वाचतांना प्रेक्षकांना आपल्याच घराण्याचा इतिहास वाचल्यासारखें वाटलें. कथा तेथें संपली होती, आणि ती तशीच संपावयास हवी होती, अशी सर्वांची भावना होती.

सोळा वर्षांनीं तीं मेलेलीं माणसें जिवंत झालीं. उत्तरकथेचा पहिला भाग ‘प्रेद्स्तोयानिये’, म्हणजे ईश्वरासमोर उभें राहणें, या नांवानें एप्रिल २०१० मध्यें प्रसिद्ध झाला. दुसरा भाग ‘बालेकिल्ला’ या अर्थाच्या नांवानें मे २०११ मध्यें आला. स्पीलबर्ग यांचा १९९८ सालचा ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ पाहून आपल्याला या कार्याची प्रेरणा झाली, असें मिखाल्कोव्ह सांगत. दुसरें महायुद्ध अमेरिकेनेंच जिंकलें असा समज जगांत पसरत आहे; रशियानें त्या युद्धांत काय भोगलें तें मोठ्या पडद्यावर आलें पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्या देशांत तोंवर निघालेल्या अत्यंत खर्चिक चित्रपटांत त्याची गणना झाली. सरकारी साहाय्य मिळालें. पहिला खेळ क्रेमलिनमधील भव्य सभागृहांत झाला. युद्धसमाप्तीचा ६५ वा वाढदिवस अवघ्या कांहीं दिवसांवर आला होता, आणि जाहिरातींत शब्द होते : ‘महान् युद्धाविषयींचा महान् चित्रपट’.

आता पडद्यावर काय दिसलें तें पाहूं. कोतोव्ह मेलेला नाहीं. तो कैद्यांच्या छावणींत आहे. जून १९४१ मध्यें जर्मन विमानांचे बाँब तेथें पडतात, त्या गोंधळांत तो निसटतो आणि पुढें शिक्षा म्हणून आघाडीवर धाडलेल्या तुकडींत लढूं लागतो. मित्याहि जगला आहे, आणि कोतोव्हचा माग काढण्याची आज्ञा त्याला खुद्द स्टालिनकडून मिळते. नाद्या मोठी झाली आहे आणि बापाच्या शोधांत युद्धाच्या वणव्यांतून भटकत आहे. निर्वासितांनीं भरलेला पूल आपल्याच सैन्याच्या हातून उडतो. बोट बुडाल्यावर नाद्या समुद्रांत तरंगणाऱ्या सुरुंगाला मिठी मारून राहते, आणि त्याच सुरुंगाला धरून असलेला एक पाद्री मरण्यापूर्वीं तिला ख्रिस्ती दीक्षा देतो. मॉस्कोच्या रक्षणासाठीं आलेले उंचेपुरे, नव्या गणवेषांतले छात्र बर्फाळ खंदकांत पाहतां पाहतां गारद होतात. अखेरीस एक भाजलेला, मरणाच्या दारीं असलेला कोवळा सैनिक परिचारिका झालेल्या नाद्याकडे एकच मागणें मागतो : आपण आजवर स्त्रीचें शरीर पाहिलें नाहीं, तें एकदां पाहूं दे. हिमवर्षावांत ती त्याची इच्छा पुरी करते, आणि भाग संपतो.

हें पाहून प्रेक्षक दुभंगले. आणि विरोध करणारेहि एका जातीचे नव्हते.

पहिला विरोध युद्ध भोगलेल्या पिढीचा व तिच्या वारसांचा. त्या युद्धांत सोव्हिएट संघराज्याचीं सुमारें २ कोटी ७० लाख माणसें कामास आलीं. ज्या घरांतलें कोणी गेलें नाहीं, असें घर तेथें शोधून काढणें कठीण. ९ मे हा विजयदिन १९६५ पासून सार्वजनिक सुटीचा दिवस झाला. राज्यपद्धति बदलली, पक्ष गेला, झेंडा गेला. परंतु या दिवसाचें पावित्र्य कमी झालें नाहीं. अशा लोकांना चित्रपटांतील लाल सेना गोंधळलेली, भेदरलेली आणि हास्यास्पद दिसली. आपल्या बापांनीं विजय मिळविला तो केवळ योगायोगानें काय, असा त्यांचा प्रश्न होता. इतिहास जाणणाऱ्यांनीं आणखी एका गोष्टीवर बोट ठेविलें. शिक्षेच्या तुकड्या स्टालिनच्या २२७ क्रमांकाच्या हुकुमानें निघाल्या, आणि तो हुकूम २८ जुलै १९४२ चा आहे; चित्रपटांत मात्र त्या १९४१ सालींच लढतांना दिसतात. एरव्हीं अशी चूक क्षम्य ठरली असती. परंतु जो चित्रपट स्वतःस महान् सत्य म्हणवितो, त्याचा हिशेब लोक तारखेनिशीं मागतात.

दुसरा विरोध मूळ चित्रपटावर प्रेम करणाऱ्यांचा. त्यांना युद्धाच्या अपमानापेक्षां कथेचा अपमान अधिक झोंबला. पडद्यावर मृत्यूचा दाखला देऊन मागाहून तो रद्द करणें म्हणजे पूर्वीं ढाळलेल्या अश्रूंची फसवणूक करणें होय, असें त्यांचें म्हणणें. पहिल्या चित्रपटाचें बळ त्याच्या मितभाषीपणांत होतें : एक घर, एक दिवस, एक दुर्दैव. उत्तरकथेंत मात्र प्रसंगामागून प्रसंग अंगावर कोसळतात, आणि प्रत्येक प्रसंग पूर्वींच्या प्रसंगाहून मोठा आवाज करूं पाहतो.

तिसरा विरोध पडद्याबाहेरचा होता. मिखाल्कोव्ह हे केवळ दिग्दर्शक नव्हते; ते अनेक वर्षें चित्रपट-व्यावसायिकांच्या संघाचे अध्यक्ष होते आणि सत्ताधाऱ्यांच्या निकटचे मानले जात. त्यांचे वडील सर्गेइ मिखाल्कोव्ह हे सोव्हिएट राष्ट्रगीताच्या कर्त्यांपैकीं एक. रशियाच्या नव्या राष्ट्रगीताचे शब्दहि २००० सालीं त्यांनींच लिहिले. चित्रपट झळकण्याच्या सुमारासच अनेक नामवंत चित्रपटकारांनीं संघाच्या कारभाराविरुद्ध उघड पत्र प्रसिद्ध केलें. त्यामुळें कित्येकांनीं चित्रपटाचें परीक्षण करण्याऐवजीं दिग्दर्शकाच्या मानमरातबाचेंच परीक्षण केलें. चित्रपट न पाहतां त्याच्यावर तुटून पडणारेहि कांहीं थोडे नव्हते.

उलट, चित्रपटाची बाजू घेणाऱ्यांचें म्हणणेंहि दुर्लक्षून चालणार नाहीं. त्यांच्या मतें हा इतिहासाचा पाठ नव्हे. ही एक दृष्टान्तकथा आहे. युद्धांत माणूस शौर्यानें वांचतो हा भ्रम असून खरोखर तो कृपेनें वांचतो, आणि ती कृपा कोणावर कां होते तें कोणास कळत नाहीं, हें या चित्रपटाचें सूत्र आहे. स्वप्नांत कां होईना, स्टालिनचें तोंड केकमध्यें दाबणारा नायक दाखविणें, सैन्याची तारांबळ व निष्पापांची होरपळ दाखविणें, यासाठीं धैर्य लागतें, असें ते म्हणत. शिवाय असलें कटु चित्र रेखाटणारे मिखाल्कोव्ह हे कांहीं पहिलेच नव्हते. स्वतः सैनिक असलेल्या व्हिक्तर अस्ताफ्येव्ह या कादंबरीकारानें १९९० नंतरच्या दशकांत युद्धाचें अतिशय भीषण वर्णन केलें होतें, आणि त्याच्यावरहि असाच गहजब झाला होता. मरणोन्मुख सैनिकाच्या शेवटच्या प्रसंगावर एका बाजूनें बीभत्सतेचा आरोप झाला, तर दुसऱ्या बाजूच्या प्रेक्षकांना त्यांत करुणेची परमावधि दिसली. एकच दृश्य, परंतु पाहणारे डोळे निराळे.

मग वादाचें खरें मूळ कोठें आहे? युद्धाचें दैन्य दाखविलें, एवढ्यावरून रशियन प्रेक्षक चिडतो, असें म्हणतां येत नाहीं. कालातोझोव्ह यांच्या ‘उडते क्रौंच’ या १९५७ सालच्या चित्रपटांत नायक एकहि पराक्रम न करतां चिखलांत मरतो. तरी तो लोकांनीं डोक्यावर घेतला आणि कान येथें त्यास सर्वोच्च पारितोषिक मिळालें. १९५९ सालच्या ‘सैनिकाचा पोवाडा’ या चुख्राय यांच्या चित्रपटांत सारी कथा एका पोरसवदा शिपायाच्या थोड्या दिवसांच्या रजेची आहे. एलेम क्लिमोव्ह यांच्या १९८५ सालच्या ‘या आणि पाहा’ मध्यें जाळलेल्या खेड्याचें दृश्य इतकें दारुण आहे कीं, तें पाहणें असह्य होतें. अलेक्सेइ गेर्मान यांचा शत्रूकडे जाऊन परत आलेल्या सैनिकावरील चित्रपट तर १९७१ सालीं तयार होऊनहि सरकारनें जवळजवळ पंधरा वर्षें अडकवून ठेविला. प्रेक्षकांनीं मात्र मागाहून त्याचा आदरच केला. या सर्व चित्रपटांत दुःख आहे, पराभव आहे, भय आहे. परंतु त्यांतील प्रत्येक चित्रपट एका माणसापाशीं, एका गांवापाशीं थांबतो. सबंध युद्ध मींच सांगतों, असें तो म्हणत नाहीं.

नव्या चित्रपटाचा भेद येथें आहे. क्रेमलिनमधील खेळ, विजयदिनाचा मुहूर्त, सरकारचा पैसा आणि ‘महान्’ हें विशेषण यांमुळें त्याला जणुं राष्ट्राच्या अधिकृत निवेदनाचें रूप आलें. आणि निवेदन म्हटलें म्हणजे ऐकणारा रसिक राहत नाहीं. तो वारस होतो. आपल्या आजोबांची नोंद त्यांत बरोबर झाली आहे कीं नाहीं, हें तो तपासूं लागतो. अडीच कोटींहून अधिक मृतांची एकच एक कथा कोणत्याहि कलावंताला सांगतां येणार नाहीं. कारण प्रत्येक घरीं ती निराळी आहे.

‘बालेकिल्ला’ या दुसऱ्या भागानें हा दुरावा वाढविला. त्यांत हजारों नागरिकांना हातांत केवळ काठ्या देऊन जर्मन किल्ल्यावर चालून जाण्याचा हुकूम होतो, आणि कोतोव्ह स्वतः काठी घेऊन त्यांच्या पुढें निघतो. कोळी व उंदीर यांसारख्या क्षुद्र जीवांच्या हालचालींतून सुरूं झालेल्या योगायोगांच्या मालिकेनें तो किल्ला शेवटीं उद्ध्वस्त होतो. श्रद्धाळूंना यांत ईश्वरी लीला दिसली, इतरांना हसूं आलें. पुष्कळांनीं तर चित्रपटगृहाकडे फिरकण्याचेंहि टाळलें. पहिल्या भागाचें उत्पन्न १ कोटी डॉलरपर्यंत पोंचलें नव्हतें. दुसऱ्याचें २० लाखांच्याहि आंत राहिलें. तरीहि त्याच वर्षीं रशियाच्या निवडसमितीनें हाच भाग ऑस्करसाठीं निवडला. समितीचे अध्यक्ष व्लादिमीर मेन्शोव्ह यांच्या ‘मॉस्कोचा अश्रूंवर विश्वास नाहीं’ या चित्रपटास पूर्वीं तेंच पारितोषिक मिळालेलें होतें. त्यांनीं या निवडीवर सही करण्याचें नाकारलें. म्हणजे जी फूट प्रेक्षकांत पडली होती, ती समितीच्या टेबलापर्यंत जाऊन पोंचली.

टीका झाली तेव्हां खरा न्याय काळ करील, असा मिखाल्कोव्ह यांचा पवित्रा होता. काळाचा निवाडा कांहींहि होवो. या प्रकरणानें एक गोष्ट स्पष्ट केली. युद्ध संपून ६५ वर्षें लोटलीं होतीं, तें लढलेले बहुतेक सैनिक निघून गेले होते. तरीहि त्याविषयींच्या एका चित्रपटावरून भिन्न मतांचे लोक तावातावानें भांडले. ज्या मृतांना लोक विसरलेले असतात, त्यांच्यावरून कोणी भांडत नाहीं. चित्रपट आवडलेल्यांना आपल्या मृतांसाठीं करुणा हवी होती आणि न आवडलेल्यांना त्यांचा मान हवा होता. दोन्ही मागण्या न्याय्य होत्या. आणि त्या दोन्ही एकाच भव्य पडद्यावर एकदम पुऱ्या करण्याचा हव्यास त्या चित्रपटाला भोंवला.